पावणेचार टक्के

कोडोली
सोमवार, २१ जुलै २०२५

प्रिय आदिती,

आठ दिवस तुझा फोन लावतेय, बंद तो बंदच. मला वाटलं, बाईसाहेबांनी आपला नंबर काढून टाकला. परवा पेठ वडगावला माहेरी गेले तेव्हा तुझी काकू भेटली. तिच्याकडून कळलं की तू आणि राजमती मावशी, दोघी मायलेकींनी चातुर्मासात मोबाईल सोडलाय, तुमच्या साध्वी माताजींसमोर नियम घेतलाय आणि दोघींचे फोन दिवाळीपर्यंत कपाटात कुलूपबंद आहेत. धन्य आहेस. माझ्या सासूबाई ऐकून म्हणाल्या, "आमच्या सुनंला बी कुनीतरी द्या की असला नियम." तेव्हा शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पत्र लिहायला बसलेय. अक्षराला हसू नकोस.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच गोड बोलत नाही. आमच्या गुऱ्हाळावर हंगाम संपताना रस उरतो, तो पिंपांत भरून मी तीन वर्षं उसाचा शिरका करतेय, हे तुला माहीत आहे. यंदा चार पिंपं भरली. फेब्रुवारीचा रस, आता झकास मुरलाय. कोल्हापूरचं एक दुकान घ्यायला तयार आहे. पण बाटलीवर व्हिनेगर असं छापायचं तर आम्लता निदान पावणेचार टक्के पाहिजे, तसा कायदाच आहे म्हणे. सरकारमान्य प्रयोगशाळेत पाठवायचंच आहे, पण आधी तू मोजून सांग. कमी भरलं तर चारचौघांत हसं कशाला करून घेऊ?

आणि हसं एवढ्यावर थांबायचं नाही. पिंपं ठेवलीत त्या शेडात सासूबाईंना चार म्हशी बांधायच्यात. काल जेवताना सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, "तुझ्या त्या आंबट पान्याला लई किंमत हाय म्हनतीस न्हवं? मग आकडा आन. पास झालं तर म्हशी मी अंगनात बांधतो. नापास झालं तर गनपतीच्या आत पिंपं रिकामी, आन परत शिरक्याचं नाव काढायचं न्हाय." माझा नवरा नेहमीप्रमाणे भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला. म्हणजे आता सगळं तुझ्या आकड्यावर आलंय. दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर माझा विश्वास बसणार नाही.

दीर, म्हणजे कृष्णात भाऊजी, आज कोल्हापूरला येताहेत. त्यांच्याकडे बाटली आणि हे पत्र देतेय. मला स्वतःला यायला जमत नाही, सासूबाईंचा पाय मुरगळलाय आणि दोन्ही वेळची धार माझ्याकडे आहे.

सोबत पेपरातलं कात्रण ठेवलंय, सहज. गेल्या महिन्यात तालुक्याच्या प्रदर्शनात माझा स्टॉल होता. आपले खाडे सर पाहुणे म्हणून आले होते. भाषणात मला उभं करून म्हणाले, ही माझी रसायनशास्त्रातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तेच पेपरवाल्यानं फोटोखाली छापलंय. मला तर कुठं बघावं कळेना.

वाट बघते.

तुझी
राजनंदिनी


कोल्हापूर
बुधवार, ३० जुलै २०२५

प्रिय राजनंदिनी,

सप्रेम जय जिनेंद्र.

बाटली पोचली. झाकण सैल होतं, त्यामुळे माझ्या पिशवीला वास लागला. आमच्याकडे आंबवलेलं काही चालत नाही, म्हणून आईनं बाटली उंबऱ्याच्या आत घेऊ दिली नाही. आठ दिवस ती जिन्यात होती.

कात्रण वाचलं. फोटो चांगला आलाय, साडी थोडी भडक वाटते. खाडे सरांचं आता वय झालं असेल. बारावीच्या प्रात्यक्षिकात तुझ्या ब्युरेटची तोटी उघडी राहिली होती आणि पलीकडून हात घालून ती कोणी बंद केली, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. तुझी प्रयोगवही कोणाच्या वहीवरून उतरवलेली होती, हेही नसेल. असो. सर म्हणाले म्हणजे असशीलच हुशार.

काल कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये मोजलं. कसं मोजतात ते लिहिते, म्हणजे सासूबाईंना सांगता येईल. पाच मिली शिरका पिपेटनं, म्हणजे त्या मापाच्या काचेच्या नळीनं, शंकूपात्रात घ्यायचा. तुझा शिरका तांबूस आहे, रंग दिसत नाही, म्हणून शुद्ध पाणी घालून फिकट करायचा. पात्रात कितीही पाणी घातलं तरी आत गेलेलं आम्ल तेवढंच राहतं. मग फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे दोन थेंब. वरून ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या उभ्या नळीतून, ठरलेल्या ताकदीचा कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा आणि पात्र हलवत राहायचं. आम्ल शिल्लक असेपर्यंत गुलाबी रंग येतो आणि मावळतो. ज्या थेंबाला तो मावळायचा थांबला, तिथं तोटी बंद करायची आणि सोडा किती गेला ते वाचायचं.

तुझ्या शिरक्याला ३०.८ मिली सोडा लागला. हिशेब केला की आम्लता ३.७ टक्के येते. हवी होती ३.७५. थोडक्यात गेलं.

वाईट वाटून घेऊ नकोस. घरगुती माणसानं घरगुती केलेल्या वस्तूच्या मानानं हे काही कमी नाही. खरं सांगायचं तर कात्रण बघून माझ्या पोटात दुखलं. एमएस्सीच्या अर्जावर बाबांनी सही केली नाही त्याला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांनी वापरलेली पात्रं विसळतेय. माझा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे तेवढाच. पण माझं पोट दुखलं म्हणून आकडा बदलत नाही. आकडा तो आकडा.

आईचे आशीर्वाद.

आदिती


कोडोली
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

प्रिय आदिती,

पत्र वाचलं. आधी गोठ्यात जाऊन बसले, मग दुसऱ्यांदा वाचलं. ३.७ चे ३.८ होतील असं काही दिसलं नाही.

पोटात दुखलं हे तू सरळ लिहिलंस, बरं वाटलं. माझंही ऐक. तू कॉलेजला पांढरा कोट घालून जातेस, लॅबच्या किल्ल्या तुझ्या पर्समध्ये असतात, परत आल्यावर आईच्या हातचं गरम जेवतेस. इथं मी चहाचा कप घेऊन बसले की कुणीतरी हाक मारतंच. वडगावला गेले की आई अजून म्हणते, "आदिती बघ, कशी स्वतःच्या पायावर उभी हाय." मला तुझं नाव ऐकून जेवण जात नाही कधी कधी. तेव्हा आपली फिटंफाट झाली म्हण.

आता एकच विचारते. मला यातलं कळत नाही, पण जिभेला यंदाचा शिरका गेल्या वर्षीपेक्षा कडक लागतोय. चमचाभर घेतला तरी कानशिलापर्यंत जातो. तू तर चाखणार नाहीस, तुझा धर्म आहे. माझी जीभ चुकत असेल, ती काही लॅबमध्ये शिकलेली नाही. पण बाटलीत थोडं उरलं असेल तर एकदा परत मोजशील का? त्या आकड्याला मी गुमान मान देईन.

सासूबाईंना मी सांगून टाकलं. लपवून काय उपयोग? त्यांनी लगेच चार म्हशी ठरवल्या, त्या सोमवारी येणार. म्हणून रविवारी, १० तारखेला, पिंपं ओतायचं ठरलंय. तुझ्या कॉलेजच्या ऑफिसला दोनदा फोन लावला, "लॅबमध्ये आहेत" म्हणाले आणि ठेवला. रविवारच्या आत काहीतरी कळव. थांब म्हणालीस तर मी पिंपांसमोर आडवी पडेन, म्हशी गेल्या खड्ड्यात. तू काही बोलली नाहीस तर मी समजेन की ३.७ च आहे.

तुझी
राजनंदिनी


कोल्हापूर
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

प्रिय राजनंदिनी,

सप्रेम जय जिनेंद्र.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज सकाळी बाटलीतलं उरलेलं पुन्हा मोजलं. या खेपेला थोडं जास्त भरतंय असं वाटतं, मात्र पक्कं सांगता येत नाही. इतके दिवस बाटली उघडझाक झालेली आहे. तेव्हा थांबता आलं तर थांब, घाई करू नकोस.

फोन करून सांगितलं असतं, पण नियम आहे. माताजींसमोर घेतलेला नियम असा मोडता येत नाही, तू समजून घेशील. पत्र लगेच टपालात टाकते.

आदिती


कोडोली
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय आदिती,

तुझं पत्र मंगळवारी, १२ तारखेला मिळालं. पिंपं रविवारीच ओतली.

नवरा आणि कृष्णात भाऊजींनी एकेक पिंप आडवं केलं. शेडापासून गटारापर्यंत पाट वाहिला. सगळ्या आळीला ठसका लागला. शेजारची बायडाबाई नाकाला पदर लावून बघायला आली आणि म्हणाली, "आगं, ह्यो नापास हाय व्हय? मग पास झाल्याला कसला असंल?" सासूबाई पायरीवर बसून खोकत होत्या, डोळे पुसत होत्या. जिंकल्यासारख्या काही दिसल्या नाहीत.

पिंपात शिरक्यावर जाड साय धरते, त्या सायीवर पुढचा शिरका चढतो. पहिल्या वर्षी मी ती कशी जपली होती, थंडीत पिंपाला पोती गुंडाळत होते, घरचे हसायचे. तीन वर्षांची साय होती. पिंपं धुवायची म्हटल्यावर तीही हातानं काढून टाकली. हात दोन दिवस आंबट होते.

दुकानवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्यानं बरं म्हटलं, एवढंच. आता शेडात म्हशी आहेत.

तुझ्यावर माझा राग नाही. तू तरी काय करणार, तुझा नियम होता आणि टपाल काही तुझ्या हातात नाही. उलट बाकी सगळे चाखून छान छान म्हणत होते, तू एकटीनं खरं ते तोंडावर सांगितलंस. आपली माणसं अशीच पाहिजेत.

मावशींना नमस्कार.

राजनंदिनी


कोल्हापूर
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

प्रिय राजनंदिनी,

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस निर्विघ्न पार पडले. आज क्षमावाणी. गेल्या वर्षभरात माझ्याकडून मनानं, वाणीनं, देहानं, कळत वा नकळत तुझं अंतःकरण दुखावलं गेलं असेल, तर हात जोडून क्षमा मागते. तुझ्या घरातल्या सर्वांचीही क्षमा मागते.

उत्तम क्षमा.

आदिती


कोडोली
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

आदिती,

क्षमापत्र मिळालं. दरवर्षी मोबाईलवर येतं, फुलांच्या चित्राचं. दरवर्षी मी हात जोडलेलं चित्र परत पाठवते आणि विसरते. यंदा हातानं लिहिलेलं आलं म्हणून नीट वाचलं.

कळत वा नकळत असं लिहिलंयस. दोन्हींतलं कोणतं ते लिहिलेलं नाही. शाळेत माझी वही तपासताना उत्तराशेजारी मिली की ग्रॅम लिहिलेलं नसलं की तू खाडकन चूक द्यायचीस. नुसता आकडा म्हणजे उत्तर नव्हे, म्हणायचीस. मग माफी कशाची, ते लिहायला नको का?

तुझं नऊ तारखेचं पत्र परत काढून बघितलं. पाकिटावर शनिवारचा शिक्का आहे. माझ्या पत्रात रविवार स्पष्ट लिहिला होता. कोल्हापुरातून शनिवारी टाकलेलं पत्र रविवारी कोडोलीत पोचत नाही, हे आमच्या म्हशींनाही कळेल. तू वर्गात पहिली होतीस. आणि फोनचा नियम होता ते ठीक, पण एसटीचा नियम नव्हता. तासाभराचा रस्ता आहे.

महिनाभर हे डोक्यात घोळतंय आणि मीच मला गप्प करतेय, आदिती तसली नाही म्हणून. आता तूच सांग. नाहीतर मला सांगू नकोस आणि पुढच्या वर्षीपासून फुलांचं चित्रही पाठवू नकोस.

राजनंदिनी


कोल्हापूर
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

राजनंदिनी,

हे पत्र मी चारदा फाडलं. आता पाचव्यांदा लिहितेय, ते न वाचता पाकिटात घालणार आहे.

तुझा शिरका पास होता. ३.९ टक्के.

एकदाच मोजलं असं तुला वाटलं असेल. मी तीनदा मोजलं होतं, २९ जुलैलाच, एकापाठोपाठ. पहिल्या खेपेला ३०.८ लागले. दुसऱ्या खेपेला ३२.५. तिसऱ्या खेपेला ३२.५. पहिला आकडा चुकला कसा, ते मला तिथंच कळलं. आमच्या घरात कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी गाळलेल्या पाण्यानं विसळायचं, मग वापरायचं. लहानपणापासून हाताला तीच सवय आहे. तशी मी पिपेट पाण्यानं विसळली आणि तशीच ओली तुझ्या बाटलीत बुडवली. पिपेट पाण्यानंतर शिरक्यानं विसळायची असते, नाहीतर आत राहिलेले चार-पाच थेंब पाणी मापात धरलं जातं आणि शिरका तेवढा कमी येतो. दुसऱ्या खेपेपर्यंत ती शिरक्यानंच धुतली गेली होती. हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना सांगते. पहिली खेप सोडून द्या, पुढच्या दोन जुळल्या की तो आकडा खरा, हेही सांगते.

पहिल्या खेपेपुरती ती चूक होती. पुढचं सगळं मी केलं.

पहिल्या खेपेला रंग टिकला आणि मी मनात गणित केलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की टेबलाला हात टेकून उभी राहिले. तुझं कात्रण माझ्या कोटाच्या खिशात होतं. सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. खाडे सरांनी मला बारावीला सांगितलं होतं, आदिती, तू संशोधन करशील. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. ते कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आणि ते वाक्य त्यांनी उचललं आणि तुला देऊन टाकलं. तुला, जिला सामू म्हणजे काय ते मी तीन वेळा समजावलं होतं. तुझ्या शेडात चार पिंपं मुरताहेत आणि माझ्या हातून बारा वर्षांत एक गोष्ट तयार झालेली नाही, हे मला सहन झालं नाही. म्हणून मी पहिला आकडा लिहिला. खोटा आकडा नाही लिहिला, पहिला लिहिला, अशी मनाची समजूतही घातली.

तू पिंपं ओतशील असं मला वाटलं नव्हतं. वाटलं, थोडी रडशील, थोडी खाली येशील. मग शुक्रवारी तुझं दुसरं पत्र आलं. मी कपाटाची किल्ली हातात घेतली. आईनं विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." फोन केला असता तर नियमभंग झाला असता, त्याला एक उपवास हे प्रायश्चित्त होतं. एक उपवास, राजनंदिनी. मी दशलक्षणात दहा केले.

शनिवारी काही मोजलं नाही, बाटली तर केव्हाच ओतली होती. एसटी स्टँडपर्यंत गेले हे मात्र खरं. कोडोलीची गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि मग टपालपेटीत पत्र टाकलं. थांब असं लिहिलं होतं, म्हणजे पुढं कधी तू विचारलंस तर दाखवता येईल. ते कधी पोचणार, हे मी बोटांवर मोजलं होतं. मंगळवार.

तुझं ओतल्याचं पत्र आलं तेव्हा सायीचं वाचून मला रडू आलं. त्याच्या आधी, क्षणभर, बरं वाटलं होतं. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

क्षमापत्रात हे लिहायचं सोडून मी पाठ केलेलं वाक्य उतरवलं. आता मागते ती या सगळ्याची क्षमा, कळत केलेल्याची. सासूबाईंना मी स्वतः येऊन सांगेन, तू म्हणशील त्या दिवशी.

आदिती


कोडोली
शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

आदिती,

पत्र मंगळवारी मिळालं. दोन दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. काय झालंय म्हणून नवऱ्यानं चक्क तीनदा विचारलं, एवढं तो लग्नात बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मला वाटलं, तुला शिव्या घालतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजी त्यो पास हुता." मी म्हटलं, हो. "तीन पॉइंट नऊ?" हो. "मग मी शबूद दिलता न्हवं, पास झालं तर म्हशी अंगनात म्हनून?" आणि काठी टेकत उठल्या. तसाच लंगडा पाय घेऊन शेडात गेल्या आणि स्वतः म्हशींची दावी सोडायला लागल्या. कृष्णात भाऊजी म्हणाले, "आगं आई, पर आता पिंपात हाय काय? रिकामी हाईत ती." सासूबाईंनी भाऊजींनाच झापलं, "रिकामी हाईत तर रिकामी ठेवतो. तिची जागा हाय ती." चारी म्हशी आता अंगणात आहेत आणि दारातून आत यायला वाट नाही. मी शेडात जाऊन खूप वेळ रडले. तुझ्यासाठी नाही.

त्या बाईशी मी सात वर्षं भांडतेय आणि तुझ्यावर वीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला. हे मला फार लागलंय. शिरक्यापेक्षा हेच लागलंय. माझी जीभ मला ओरडून सांगत होती, बायडाबाईचं नाक सांगत होतं, आणि मी त्यांना म्हटलं, आदितीनं मोजलंय, तुम्ही गप्प बसा.

आता माझं लिहिते, नाहीतर सगळं पाप तुझ्याच पदरात पडेल. ते कात्रण मी सहज ठेवलं नव्हतं. पेपर आला त्या दिवशी पहिला विचार आला तो तुझाच, की आदितीनं हे बघितलं पाहिजे. घरचे झोपल्यावर... नाही, भर दुपारी, सगळ्यांसमोर कापलं आणि जपून ठेवलं. तू जळावंस म्हणूनच. आणि खाडे सर मंचावर तसं म्हणाले तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं की सर, माझी वही आदितीची होती. दोन वाक्यं लागली असती. माईक माझ्या हातात होता. मी मान खाली घालून हसले आणि टाळ्या घेतल्या. काल सरांना फोन करून ते सांगितलं. त्यांना तू आठवतेस. कुठं असते ती, विचारत होते. मी तुझा पत्ता दिला.

म्हणजे जळणं दोघींचं सारखंच होतं, कदाचित माझं थोडं जास्त. पण मी तुझं काही ओतलं नाही. तेवढा फरक आहे आणि तो राहणार.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतील, तेव्हा पहिल्या रसापासून परत सुरुवात करणार. साय नव्यानं धरायची म्हणजे वर्ष जाईल. मोजायचं मला शिकव. तू मोजून पाठवू नकोस, मी तिथं येऊन शिकणार, तीन खेपा माझ्या हातानं करणार आणि ब्युरेट मीच वाचणार. सासूबाईंना सांगायला तू ये. दसऱ्यानंतरच्या रविवारी ये. त्या काय बोलतील ते ऐकून घे, मी मध्ये पडणार नाही.

आता क्षमेचं. रीत म्हणून उत्तम क्षमा लिहून टाकावं असं खूप वाटलं. पेनही टेकवलं होतं. पण माफ केलं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही, अजून तरी नाही. सकाळी उठल्यावर रोज बघते, कालच्यापेक्षा राग थोडा कमी झालेला असतो, कधी परत वाढलेलाही असतो. एकदा शांत वाटलं म्हणून लिहून मोकळी होणार नाही. सलग काही दिवस तसंच वाटलं, तर मग तुला कळवीन.

राजनंदिनी